वाळूखाली गाडलेल्या नद्या

इजिप्तच्या नैऋत्येस, सुदानच्या सरहद्दीलगत, सहाराचा असा भाग आहे की जेथे वर्षानुवर्षे पावसाचा थेंब पडत नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये 'कोलंबिया' अंतराळयानाने आपल्या दुसऱ्या सफरीत या भागाची रडारने चित्रे घेतली. साध्या छायाचित्रांत जेथे केवळ सपाट वाळू दिसे, तेथे रडारच्या चित्रांत प्राचीन नद्यांची पात्रे उमटली. काही पात्रे तर नाईलच्या खोऱ्याएवढी रुंद होती!

हे घडले कसे? कॅमेरा सूर्यप्रकाशावर अवलंबून असतो. रडार स्वतःच लहरी सोडते आणि परत येणाऱ्या लहरींवरून चित्र तयार करते. ओल्या मातीत त्या लहरी अडल्या असत्या. पण अतिशय कोरडी वाळू भेदून त्या खालच्या थरांपर्यंत पोहोचल्या. पुढे शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष जाऊन खड्डे खणले, तेव्हा नदीचा गाळ आणि अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही सापडली. सहस्रावधी वर्षांपूर्वी हा मुलूख हिरवा होता, याची साक्षच ती.

या चित्रांचा अर्थ लावणाऱ्यांत इजिप्तचे भूशास्त्रज्ञ डॉ. फारूक अल-बाझ हे प्रमुख होत. त्यांचा जन्म १९३८ चा. अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्राचा पृष्ठभाग कसा पाहावा हे त्यांनीच शिकविले होते. त्यांचा विचार साधा होता : जेथे पूर्वी नद्या वाहिल्या, तेथे पाणी जमिनीत मुरलेच असणार. पूर्व उवैनात भागात विहिरी खोदल्या, पाणी लागले आणि वाळवंटात शेती उभी राहिली.

परंतु हे पाणी पुरातन पावसाचे आहे. इजिप्त, लिबिया, सुदान व चाड या चार देशांखाली पसरलेल्या वालुकाश्मात ते साठले आहे आणि आज त्यात नवी भर जवळजवळ पडत नाही. ही वडिलार्जित ठेव आहे. उपसा बेसुमार झाला तर ती संपेल. म्हणूनच २००२ साली सोडलेल्या 'ग्रेस' या जुळ्या उपग्रहांचे महत्त्व. गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदलांवरून त्यांनी भूजलाची घट मोजण्याची वाट दाखविली.

विद्यार्थी मित्रहो, आकाशातून खूण दिसते. खात्री मात्र कुदळीनेच होते. आणि पालकांना विनंती एवढीच, की भूगोलाला केवळ गुणांपुरता विषय समजू नये. पाणी कोठे आहे आणि ते किती दिवस पुरेल, हे उद्या आपल्याच मुलांना सांगावे लागणार आहे.