नेवाळीची धावपट्टी आणि मॉडेल विमानांचा रेडिओ

कल्याणहून श्रीमलंगगडाकडे जाणारा रस्ता आणि काटई-बदलापूर रस्ता नेवाळी नाक्यावर एकमेकांना छेदतात. याच परिसरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने लष्करी विमानतळ बांधला. त्यासाठी आसपासच्या गावांतली शेतजमीन ताब्यात घेण्यात आली. युद्ध संपल्यावर विमाने गेली, पण धावपट्टी तशीच राहिली. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात मॉडेल विमाने उडवणाऱ्यांना अशी जागा दुसरीकडे मिळणे कठीण होते. सांताक्रूझ आणि जुहूचे विमानतळ चालू होते, शहरातली मैदाने क्रिकेटची होती, आणि रेडिओवर चालणाऱ्या मॉडेलला उतरायला सपाट पट्टा व फिरायला मोकळे आकाश दोन्ही लागते. त्यामुळे हौशी मंडळींमध्ये ‘कल्याणची स्ट्रिप’ या नावाने ही जागा ओळखीची झाली.

मॉडेल विमानाला रेडिओची जोड मिळाली ती अमेरिकेत. 1937 साली मिशिगनमधल्या कॅलमाझू इथे वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी ‘गफ’ नावाचे मॉडेल रेडिओच्या आज्ञेवर उडवले. ते मॉडेल आता वॉशिंग्टनच्या हवाई व अवकाश संग्रहालयात आहे. त्या काळचा रिसीव्हर व्हॉल्व्हचा असे आणि सुकाणू हलवण्याची शक्ती पीळ दिलेल्या रबराकडून मिळे. एकदा बटण दाबले की सुकाणू एका बाजूला जाई, सोडले की मध्यावर येई आणि पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूला जाई. एखादी आज्ञा हवेत हरवली की पुढचा सगळा क्रम उलटा होई, आणि उजवीकडे वळायला सांगितलेले विमान डावीकडे जाई. रिले चिकटणे, बॅटरी उतरणे, रबराचा पीळ संपणे हे तेव्हाचे नेहमीचे दोष होते. रेडिओ चालवणाऱ्याला सोल्डरिंग आयर्न हाताळता येणे भागच होते.

भारतात बराच काळ मॉडेल विमाने रेडिओशिवायच उडत राहिली. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेची पहिली पथके 1950 साली मुंबई आणि कोलकाता इथे उभी राहिली, आणि तिच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंगला जागा मिळाली. हातातून सोडायची ग्लायडर आणि दोन तारांच्या टोकाशी गोल फिरणारी ‘कंट्रोल लाइन’ विमाने हा त्या शिक्षणाचा पाया होता. कंट्रोल लाइनच्या विमानात बिघाड शोधणे सोपे, कारण आज्ञा तारेतून जाते आणि तार डोळ्यांना दिसते. रेडिओच्या आड आला तो खर्च आणि त्याच्या जोडीला कायदा. 1933 च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणेही गुन्हा होता. शिवाय संच परदेशी बनावटीचे, त्यामुळे आयातीचे निर्बंध आणि जकात आलीच. असा दुर्मीळ संच बिघडला तर तो टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. दुरुस्तीचे ज्ञान आपल्याकडच्या छंदात इतके खोल रुजले, त्याचे मोठे कारण ही टंचाई आहे.

जगभर सर्वांत आधी लोकप्रिय झालेला पट्टा 27 मेगाहर्ट्झचा. त्यात मॉडेलसाठी सहा ठरावीक जागा होत्या आणि प्रत्येकीला रंग दिलेला होता: 26.995 तपकिरी, 27.045 लाल, 27.095 नारिंगी, 27.145 पिवळा, 27.195 हिरवा आणि 27.255 निळा. ट्रान्समीटरच्या लांब एरिअलवर त्या रंगाची फीत बांधली की कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते दुरूनच कळे. जागा ठरवण्याचे काम क्रिस्टल नावाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा करी. रिसीव्हरमधला क्रिस्टल ट्रान्समीटरच्या क्रिस्टलपेक्षा साधारण 455 किलोहर्ट्झने खाली असे, म्हणून दोन्हींची जोडी जमावी लागे. आतली स्फटिकाची चकती फार नाजूक असल्याने, आपटून उतरलेले विमान बाहेरून धड दिसले तरी क्रिस्टल बदलल्याशिवाय जाणकार ते पुन्हा उडवत नसत.

एका जागेवर एका वेळी एकच ट्रान्समीटर चालू शकतो, या एका अडचणीतून मैदानावरचा सर्वांत महत्त्वाचा रिवाज जन्माला आला. मैदानाच्या कडेला एक फळी उभी करत आणि तिच्यावर प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावत. चिमटा काढून आपल्या एरिअलला अडकवल्याशिवाय ट्रान्समीटरचे बटण सुरू करायचे नाही, आणि विमान उतरल्यावर तो लगेच जागेवर लावायचा. जमिनीवर बसून कुणी ‘जरा बघतो’ म्हणत बटण दाबले, तर त्याच फ्रिक्वेन्सीवर हवेत असलेल्या दुसऱ्याच्या विमानाला त्या क्षणापासून दोन मालक होत. महिनोन्‌महिने खपून बांधलेले बाल्सा लाकडाचे विमान अशा वेळी काही सेकंदांत जमिनीत घुसे. म्हणून विमान वेडेवाकडे वागू लागले की चालक पहिला प्रश्न ओरडून विचारी: ‘माझ्या फ्रिक्वेन्सीवर कोण आहे?’ दोष शोधण्याची सुरुवात यंत्राच्या आधी माणसांपासून होई. या छंदाने एकमेकांच्या विमानाची जबाबदारी घ्यायला शिकवले, आणि या चिमट्याच्या शिस्तीचा त्यात मोठा वाटा आहे.

बाहेरचा गोंधळ फक्त शेजाऱ्याचाच नसे. 27.12 मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी आंतरराष्ट्रीय करारांनुसार उद्योगांसाठीही राखलेली आहे. उच्च वारंवारतेने तापवून प्लॅस्टिकचे पत्रे सांधणारी यंत्रे तिच्यावरच चालतात. डोंबिवली-अंबरनाथसारख्या कारखानदारीच्या पट्ट्याजवळ 27 चा संच वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे गरजेचे होते. सर्व्हो, म्हणजे सुकाणू वगैरे हलवणारे विमानातले छोटे मोटर-यंत्र, थरथरू लागला तर आधी रिसीव्हर चालू ठेवून ट्रान्समीटर बंद करायचा. थरथर सुरूच राहिली, तर हवेत दुसरे काहीतरी बोलते आहे किंवा विमानातच खोट आहे, हे ठरे.

एवढ्यावर निभावले नाही तर खरी परीक्षा होई ती रेंज चेकची. एक जण विमान धरून उभा राही. दुसरा ट्रान्समीटरचा एरिअल पूर्ण आत ढकली आणि सुकाणू डावीकडे-उजवीकडे हलवत पावले मोजत दूर जाई. एरिअल आत असल्याने बाहेर पडणारी शक्ती फारच कमी होई, आणि तरीही संच-निर्मात्याने सांगितलेल्या अंतरापर्यंत सर्व्हो न अडखळता हलला पाहिजे असे. ही चाचणी दोनदा करायची: आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. पहिल्या वेळी सर्व नीट आणि दुसऱ्या वेळी अडखळ, असे झाले तर रेडिओला दोष देऊन उपयोग नाही. थ्रॉटलची धातूची तार धातूच्याच कडीत घासत असेल, तर त्या घर्षणातून विद्युत गोंगाट निघतो. तिथे प्लॅस्टिकची कडी बसवली की तो थांबतो. रिसीव्हर फोममध्ये गुंडाळलेला नसेल, तर इंजिनाचा कंप थेट क्रिस्टलपर्यंत पोचतो. विजेच्या मोटरच्या ब्रशमधून ठिणग्या उडत असतील, तर तिच्या टोकांवर छोटे कपॅसिटर सोल्डर करावे लागतात.

सर्वांत जास्त विमाने मात्र बॅटरीने पाडली, आणि या गोष्टीकडे नेहमीच कमी लक्ष दिले गेले. विमानात साधारणपणे चार निकेल-कॅडमियम सेलची 4.8 व्होल्टची बॅटरी असे, ट्रान्समीटरमध्ये आठ सेलची 9.6 व्होल्टची. भाराशिवाय मोजले तर मीटरवर व्होल्टेज पुरेसे दिसते, पण सर्व्हो जोर लावू लागले की ते कोसळते. म्हणून भार देऊनच मोजायला हवे. कोकणपट्टीच्या दमट हवेत स्विचच्या आतल्या पट्ट्या गंजतात. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची काळी तार आतून काळवंडते, आवरण मात्र जसेच्या तसे दिसते. पावसाळाभर कपाटात पडून असलेला संच काढला, की तारेचे टोक किंचित सोलून तांबे लकाकते का हे आधी पाहावे, असे जुने जाणते सांगतात. मेथॅनॉल आणि एरंडेल तेलाचे इंधन गळून रिसीव्हरच्या डबीत शिरणे हाही नेहमीचाच प्रकार. ज्याला सगळे ‘इंटरफिअरन्स’ म्हणत, त्याचे मूळ पुष्कळदा पाच रुपयांच्या स्विचमध्ये सापडे.

पुढे आलेल्या एफएम आणि पीसीएम (आज्ञा अंकांच्या रूपात पाठवणाऱ्या) संचांनी गोंगाट गाळला. पीसीएमचा रिसीव्हर बिघडलेली आज्ञा सरळ फेटाळतो आणि सर्व्होला शेवटच्या स्थितीत धरून ठेवतो. विमान त्यामुळे शांत उडाले खरे, पण थरथरीची आगाऊ सूचना गेली. दोष वाढत जाई आणि चालकाला पत्ताही नसे.

मोठा बदल 2.4 गिगाहर्ट्झने केला. भारतात जानेवारी 2005 मध्ये 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, त्याच वर्षी 27 चा पट्टाही. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मॉडेलसाठी या पट्ट्यातले संच बाजारात आले. नवा रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरची सांकेतिक ओळख लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याचे ऐकत नाही. क्रिस्टल गेला, फीत गेली, चिमट्याची फळीही गेली. दोषांचे रूप मात्र पालटले. 27 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 11 मीटर लांब, ही जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. त्यामुळे कार्बन फायबरचा सांगाडा किंवा बॅटरीचा ठोकळा आड आला तरी ती अडते. रिसीव्हरच्या दोन एरिअल तारा एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, त्यांचे सुमारे 31 मिलिमीटरचे उघडे टोक कापायचे नाही, ट्रान्समीटरच्या एरिअलचे टोक थेट विमानाकडे रोखायचे नाही, हे नवे नियम झाले. सुरुवातीच्या काही रिसीव्हरांत व्होल्टेज क्षणभर जरी घसरले, तरी आतला संगणक बंद पडून पुन्हा सुरू व्हायला काही सेकंद घेई. लोकांनी याचे खापरही हवेतल्या गोंधळावर फोडले. दोषी पुन्हा बॅटरीच होती.

नेवाळीच्या जमिनीचा प्रश्न या सगळ्याहून जुना आणि कितीतरी मोठा आहे. नौदलाने तिथे कुंपणाची भिंत बांधायला घेतल्यावर 22 जून 2017 रोजी शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जाळण्यात आल्या. युद्धासाठी घेतलेली जमीन परत मिळावी ही गावकऱ्यांची मागणी आहे. मॉडेल उडवणाऱ्यांचा तिथला वावर हा पाहुण्याचा, त्याला हक्काची जोड नव्हती, आणि पट्टीचा इतिहास सांगताना ज्यांची शेते गेली त्यांना पहिले स्थान द्यायला हवे.

ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतची, नजरेच्या टप्प्यात आणि शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी उडवली जाणारी मॉडेल वेगळी गणली आहेत, आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. कुठे उडवता येईल हे मात्र हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांच्या नकाशावरून ठरते, आणि कल्याण परिसरात मॉडेल हवेत सोडण्याआधी तो पाहणे आवश्यक आहे. जागा ठरली तरी रेंज चेक आजही चुकत नाही. आजच्या ट्रान्समीटरला आत ढकलायचा लांब एरिअल नसतो. त्याऐवजी शक्ती कमी करणारे रेंज चेकचे बटण किंवा तशी सोय असते. ती वापरून सुमारे 30 पावलांवरून सर्व सर्व्हो तपासावेत, असे अनेक संचांच्या पुस्तिकांत आजही लिहिलेले असते.