क्यूवरचा आकडा

बिलियर्डच्या काठीला 'क्यू' म्हणतात, हे छावणीच्या गावांत कुणाला सांगावे लागत नाही. स्नूकर तर १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्येच जन्मला. १९५८ साली बिलियर्डचे हौशी जगज्जेतेपद मिळवणारा विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेला. खेळाडूंविषयी थोडेफार लिहिले गेले. काठ्यांविषयी मात्र आपल्याकडे कोणी लिहीत नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आजोबांची क्यू दाखवायला आणली. आजोबा एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, टेबल झाडणारा, आणि साहेबाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळून बेताने हरणारा! क्यू एकसंध, मध्ये पेच नसलेली. बुंध्यावरच्या पट्टीवर पील हे नाव आणि ३३०४ हा आकडा.

"सर, हा कारखान्याचा नंबर असणार."

तो नंबर नव्हे. डब्ल्यू. जे. पील या इंग्रज खेळाडूने १८९० साली सलग ३३०४ गुणांचा विक्रम केला आणि त्याच्या नावाच्या क्यू बाजारात आल्या. आकडा ही जाहिरात. म्हणजे ही क्यू १८९० पूर्वीची असणे शक्य नाही. मात्र ती १८९० चीच, असेही म्हणता येत नाही. गाजलेले नाव दुकानदार पुढे कितीतरी वर्षे विकत राहतो. त्याच न्यायाने जो डेव्हिसच्या क्यूवर १४७ हा विक्रमी आकडा असेल, तर ती १९५५ च्या आधीची नव्हे. ताम्रपटाचा काळ ठरवतानाही आपण याहून वेगळे काय करतो?

पट्टी नसली तर लाकूड वाचावे. दांडा बहुधा ॲशचा. त्याच्या रेषा बाणाच्या टोकांसारख्या एकावर एक चढत जातात. मेपलवर त्या जेमतेम दिसतात. बुंधा अबनुसाचा असेल, तर दोन लाकडे मिळतात ती जागा नीट पाहावी. हाताने केलेल्या सांध्याची टोके कमानीसारखी गोलसर असतात, यंत्राने कापलेल्यांची भाल्यासारखी टोकदार. बुंध्याच्या तळाशी कधी औंसांतले वजनही ठोकलेले सापडते.

पॉलिशवाल्याने त्याला सल्ला दिला होता, पॉलिशपेपर मारा, वर व्हार्निश द्या, चांगली किंमत येईल. मी ते करू दिले नाही. दांडा घासून बारीक झाला की टोकाच्या पितळी कड्याशी त्याचा मेळ राहत नाही. आम्ही ओलसर फडक्याने मळ काढला, लगेच कोरडे पुसले. दांड्याला कच्च्या जवस तेलाचा पातळ हात दिला, बुंध्याला तेवढे चपडीचे पॉलिश. टोकाची चामडी टिकली नवी बसवली. किंचित बाक होता, तो तसाच ठेवला. आच देऊन सरळ केलेले लाकूड पुन्हा वाकते.

मळ निघाला तेव्हा अबनुसावर सुईने कोरलेली दोन मोडी अक्षरे दिसली. आजोबांच्या नावाची आद्याक्षरे. पॉलिशपेपरच्या दोन हातांत ती गेली असती. त्यांच्या हातचा दुसरा कागद घरात नाही, असे तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

क्यू आता त्याच्या घरी दाराआड दोरीने उभी टांगलेली आहे. भिंतीला तिरकी टेकवली की ती वाकते, हे त्याला मी दोनदा बजावले आहे.