द्रोणाचार्यांचे गुरू

द्रोणाची विद्या कोठून आली, हे महाभारताचे आदिपर्व सांगते : अग्निवेशाकडून आग्नेयास्त्र, परशुरामाकडून इतर अस्त्रे. लोकस्मृतीने मात्र द्रोणाचे शिष्य जपले आणि गुरू विसरले. १९८५ साली भारत सरकारने क्रीडाप्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला तेव्हा त्याला नाव दिले ते द्रोणाचार्यांचे. (एकलव्याचा अंगठा त्या वेळी कोणाला आठवला नसावा.) हा पुरस्कारही शिष्यांच्या यशावरून गुरू ओळखतो, गुरू घडतो कसा, हे विचारत नाही.

तो प्रश्न राज्यसंस्थेने त्याआधी विचारला होता. १९५३ची राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाची प्रशिक्षण योजना आणि १९६१ साली पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात स्थापन झालेली राष्ट्रीय क्रीडासंस्था, हे त्याचे पहिले उत्तर. पहिल्या पुरस्काराच्या मानकऱ्यांपैकी ओ. एम. नांबियार हे वायुदलातून पतियाळाला जाऊन पदविका घेतलेले. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचे कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले, ती त्यांची शिष्या. दुसरे मानकरी ओमप्रकाश भारद्वाज तर पतियाळाचेच मुष्टियुद्धाचे शिक्षक. पदविकेने शरीरशास्त्र आणि तंत्र दिले, यात शंका नाही. पण हरलेल्या खेळाडूशी त्या संध्याकाळी काय बोलावे, दुखऱ्या गुडघ्याला केव्हा थांबवावे, हा विवेक अभ्यासक्रमात कसा बसवणार?

आमच्या मते तो दुसऱ्या प्रशिक्षकाच्या शेजारी उभे राहूनच येतो. मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांनी खेळाडू घडवले, हे सर्वश्रुत आहे. १९९०चा द्रोणाचार्य पुरस्कार त्याचाच. त्यांच्या हाताखालून प्रशिक्षकही निघाले, हे तितके बोलले जात नाही. चंद्रकांत पंडितांनी विदर्भाला २०१७-१८ व २०१८-१९चे, आणि मध्य प्रदेशाला २०२१-२२चे रणजी विजेतेपद मिळवून दिले. पंडितांची करडी शिस्त पाहताना आम्हाला आचरेकरांचे मैदान आठवते. मात्र हे हस्तांतर योगायोगाचे होते : ज्याला शिवाजी पार्क लाभले त्याला ते मिळाले, गडचिरोलीतल्या प्रशिक्षकाला नाही.

अलीकडे अनेक देशांतील क्रीडासंस्था उच्चस्तरीय प्रशिक्षकाला रीतसर मार्गदर्शक नेमून देतात, ते ही उणीव भरण्यासाठीच. पण नेमलेला गुरू संस्थेला अहवाल देणारा असेल, तर शिष्य त्याच्यापुढे आपली चूक उघडी करील का? नोकरी ज्याच्या शेऱ्यावर अवलंबून, त्याच्याजवळ कोणी शंका मांडत नाही. म्हणून आम्हाला वाटते, मार्गदर्शक प्रशिक्षकाने स्वतः निवडावा, आणि संस्थेने त्याचा खर्च तेवढा उचलावा.