मूत्राशय व मूत्रमार्गाचे चेतानियंत्रण : प्राणिप्रयोगांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हृदय, जठर, आतडी यांचे कार्य इच्छेवाचून चालते, तर हातापायांचे स्नायू इच्छेनुसार हलतात. मूत्राशयाचे कार्य मात्र या दोहोंच्या सीमेवर आहे. मूत्र साठविताना मूत्राशयाची भित्ती सैल आणि मूत्रमार्ग बंद असावा लागतो; विसर्जनाच्या वेळी नेमके याच्या उलट घडावे लागते. हा समन्वय कोण साधतो, या प्रश्नाच्या शोधातील प्रमुख टप्प्यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

परिघीय चेतांचा शोध :
केंब्रिजचे जॉन लँगली व ह्यू अँडरसन यांनी १८९५ मध्ये श्रोणिभागातील अवयवांच्या चेतांवरील संशोधन प्रसिद्ध केले. मेरुरज्जूच्या त्रिकभागातून निघणाऱ्या चेता विद्युत्‌प्रवाहाने उद्दीपित केल्यास मूत्राशय जोराने आकुंचन पावते, हे या काळातील प्रयोगांतून स्पष्ट झाले. कटिभागातून येणाऱ्या अनुकंपी चेतांचा परिणाम मात्र एकसारखा नव्हता. त्याचे मर्म थॉमस एलियट यांच्या १९०७ च्या शोधनिबंधात उलगडले. त्यांनी अनेक जातींच्या प्राण्यांची तुलना केली. अनुकंपी चेतांसारखाच परिणाम करणाऱ्या ॲड्रेनॅलीनने मांजराचे मूत्राशय सैल पडते, तर फेरेटचे आकुंचन पावते. एका प्राण्यावरून सर्वांविषयी अनुमान काढणे किती धोक्याचे आहे, याचा हा वस्तुपाठच होय.

युद्धभूमी ते मस्तिष्कस्तंभ :
पहिल्या महायुद्धात मेरुरज्जूला इजा झालेल्या असंख्य सैनिकांचा मृत्यू मूत्रमार्गाच्या संसर्गाने ओढवला. हेन्री हेड व जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ मध्ये अशा रुग्णांत आपोआप रिकाम्या होणाऱ्या मूत्राशयाचे वर्णन केले. हे विसर्जन बहुधा अपुरे असे. म्हणजेच केवळ मेरुरज्जू पुरेसा नव्हता. लंडनचे शल्यचिकित्सक फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी १९२१ व १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून याचे कारण दाखविले. मस्तिष्कस्तंभातील सेतूच्या वरच्या भागातील लहानसे क्षेत्र दोन्ही बाजूंना नष्ट केल्यास मांजराला मूत्राशय रिकामे करता येत नाही. या क्षेत्रास पुढे बॅरिंग्टन यांचेच नाव मिळाले.

विल्यम डी ग्रोट व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांजरांत हे मंडल अधिक तपशिलाने मांडले. निरोगी प्राण्यात संवेदना सेतूपर्यंत जाऊन आज्ञा परत येते. मेरुरज्जू छेदल्यावर काही आठवड्यांनी निराळ्या, सूक्ष्म संवेदी तंतूंवर आधारित प्रतिक्षेप मेरुरज्जूतच निर्माण होतो. मात्र सेतूचे नियंत्रण तुटल्याने मूत्राशय आकुंचन पावत असतानाच मूत्रमार्गाचा परिसंकोची स्नायूही आवळतो. त्यामुळे दाब वाढून मूत्रपिंडांना इजा पोहोचते.

उपयोजन व निष्कर्ष :
जाइल्स ब्रिंडली यांनी बबून माकडांवर तपासलेले, त्रिकभागातील चेतामुळे उद्दीपित करणारे उपकरण १९७० च्या दशकात मानवी रुग्णांत बसविण्यात आले. १९९७ मध्ये ब्लॉक, विलेमसेन व होल्स्टेगे यांच्या मेंदुप्रतिमांकनात मानवाच्या सेतूतही विसर्जनाच्या वेळी सक्रियता आढळली. मांजरातील निष्कर्षास सत्तराहून अधिक वर्षांनी मिळालेला हा दुजोरा महत्त्वाचा आहे. तथापि एलियट यांचा इशाराही तितकाच महत्त्वाचा आहे. मूलभूत आराखडा समान असला तरी तपशील जातीनुसार बदलतो. अपंगत्वाने जखडलेल्या रुग्णाचे मूत्रपिंड वाचविणारे हे ज्ञान अनेक मुक्या प्राण्यांच्या जिवावर उभे आहे. म्हणूनच प्रयोगासाठी प्राणी निवडताना तो खरोखर आवश्यक आहे काय आणि त्यावरून मानवाविषयी अनुमान काढता येईल काय, हे दोन्ही प्रश्न संशोधकाने प्रथम स्वतःला विचारले पाहिजेत.