हृदयाच्या तात्पुरत्या यांत्रिक आधारातून मुक्तता

हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता एकाएकी अपुरी पडल्यास रक्ताभिसरण चालू ठेवण्यासाठी काही तास ते काही आठवडे यंत्राचे साहाय्य देतात. हृदय सावरू लागल्यावर हे साहाय्य क्रमाक्रमाने कमी करून अखेर यंत्र काढून घेण्याच्या क्रियेस आधारमुक्ती म्हणता येईल. यंत्र लवकर काढल्यास हृदय पुन्हा निकामी होऊन मेंदू, मूत्रपिंडे, यकृत इ. इंद्रियांचा रक्तपुरवठा घटतो. उशिरा काढल्यास रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या व जंतुसंसर्ग यांचे धोके वाढतात.

इतिहास : जॉन गिबन या अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्या वेळी २६ मिनिटे रक्ताभिसरणाचा सर्व भार यंत्रावर होता. पुढे अशा शस्त्रक्रिया वाढल्या, तेव्हा काही रुग्णांचे हृदय शस्त्रक्रिया उत्तम होऊनही यंत्र थांबविताच दुबळे पडते, असे आढळले. ऑगस्ट १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे दोन झडपा बदललेल्या एका स्त्रीची अशीच अवस्था झाली. मायकेल डिबेकी यांनी तिच्या डाव्या अलिंदातील रक्त रोहिणीत पोहोचविणारा पंप शरीराबाहेर बसविला. दहा दिवसांनी तो काढण्यात आला व ती बरी होऊन घरी गेली. विश्रांती मिळाल्यास थकलेले हृदय पुन्हा काम पतकरू शकते, याचा हा पहिला ठळक पुरावा होय. या घटनेचे स्पष्टीकरण पुढे मिळाले : रक्तपुरवठा काही काळ खंडित होऊन पूर्ववत झाल्यावर हृदयस्नायू मृत नसूनही काही काळ निष्क्रिय राहू शकतो, ही कल्पना यूजीन ब्राउनवाल्ड व रॉबर्ट क्लोनर यांनी १९८२ मध्ये मांडली.

पद्धती : एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये ब्रुकलिन येथे महारोहिणीतील फुग्याचा रुग्णावर प्रथम उपयोग केला. हृदय शिथिल होताना हा फुगा फुगतो व आकुंचनापूर्वी मिटतो. आधार कमी करताना तो प्रत्येक ठोक्याऐवजी दर दुसऱ्या, मग दर तिसऱ्या ठोक्यास फुगवितात.

शरीराबाहेरील कृत्रिम फुप्फुस व पंप यांच्या संचात नीलेतील रक्त ऑक्सिजनयुक्त करून रोहिणीत सोडतात. हे रक्त डाव्या निलयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या विरुद्ध दिशेने येत असल्याने शरीराला तारणारे यंत्रच डाव्या निलयावरील भार वाढविते. म्हणून प्रवाह टप्प्याटप्प्याने मिनिटाला सु. १ ते १·५ लिटरपर्यंत उतरवून हृदयाची परीक्षा घेतात. मंद प्रवाहात गुठळ्या होण्याचा संभव असल्याने ही परीक्षा लांबवीत नाहीत. तीत रक्तदाब व श्राव्यातीत ध्वनीने दिसणारे हृदयाचे आकुंचन पाहतात. पॅरिस येथील वैद्यांनी २०११ मध्ये ५१ रुग्णांच्या अभ्यासावरून यासाठी निकष सुचविले. त्यांनुसार डाव्या निलयातून प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अंश किमान २० ते २५% असावा. या ५१ पैकी ३८ रुग्णांना ही परीक्षा सोसली, परंतु प्रत्यक्षात २० जणच यंत्रमुक्त झाले.

मूल्यमापन : यंत्र निघाले म्हणजे रुग्ण वाचला असे नव्हे, काही रुग्ण यंत्रमुक्तीनंतरही रुग्णालयातच दगावतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या तीव्र अवसादात फुग्याच्या नेहमीच्या वापराने (२०१२) किंवा कृत्रिम फुप्फुस-पंप संचाच्या वापराने (२०२३) तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण घटत नाही, असे मोठ्या चाचण्यांत दिसून आले. निलयात बसविण्याच्या सूक्ष्म पंपाने मात्र निवडक रुग्णांत १८० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण घटले (२०२४). तथापि रक्तस्रावादी उपद्रव वाढले.

हृदय सावरलेच नाही, तर हृदयरोपण किंवा दीर्घकाळ चालणारा पंप हे पर्याय उरतात. रुग्ण या दोहोंसही योग्य नसल्यास यंत्र थांबविण्याचा निर्णय आप्तांशी विचारविनिमय करून घ्यावा लागतो. म्हणूनच आधार काढण्याचा विचार यंत्र जोडतानाच करणे आवश्यक ठरते.