समुदाय, शिक्षण, निसर्ग : राणीबागेतले तीन शब्द आणि तुमचा संशोधनाचा प्रश्न

आर्किटेक्चरच्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या शीट्स ओळीने लावल्या की तीन शब्द हमखास दिसतात : समुदाय, शिक्षण आणि निसर्ग-निरीक्षण. कुठे तलावाकाठी पक्षी-निरीक्षण केंद्र, कुठे वस्तीतलं वाचनालय आणि त्याला जोडून रोपवाटिका, कुठे शाळेच्या आवारात 'नेचर पॅव्हिलियन'. ज्युरीत त्यावर चर्चा होते ती बहुतेक स्ट्रक्चरची, सर्क्युलेशनची, मटेरियलची. हे तीन शब्द एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने नांदतात की नाही, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही.

तुम्ही आता डिझाइनकडून संशोधनाकडे वळायच्या तयारीत असाल, तर हाच प्रश्न धरायला बरा आहे. आणि तो धरण्यासाठी भायखळ्यासारखी जागा नाही. कारण हे तीनही शब्द एकाच आवारात आणण्याचा प्रयत्न इथे १८६२ पासून चालू आहे. तेव्हापासून ते एकमेकांशी भांडतही आले आहेत.

एकाच आवारात बाग आणि संग्रहालय

ज्याला आपण राणीची बाग म्हणतो त्या व्हिक्टोरिया गार्डन्सचं, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचं, उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी झालं. बाग उभी केली ती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने. तिची आधीची बाग शिवडीला होती. आज तिथे ख्रिस्ती दफनभूमी आहे. १८६२ मध्येच त्याच आवारात संग्रहालयाच्या इमारतीची पायाभरणी झाली. पैशांची चणचण, अर्धवट काम असं करत करत ते 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम' १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं.

इथे जरा थांबा आणि संस्थेचं नाव पुन्हा वाचा. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल. शेती आणि बागायत. या बागेमागचं निसर्ग-निरीक्षण कोवळ्या उन्हात पक्षी बघण्याचं नव्हतं. कुठली वनस्पती इथल्या हवेत तगते, कशापासून धागा निघतो, कशाचं तेल विकता येतं, कुठलं मूळ औषधी आहे, हे पाहण्याचं होतं. संग्रहालय आणि बाग या दोन्हींच्या उभारणीत पुढे असलेले जॉर्ज बर्डवुड पेशाने डॉक्टर. त्यांनी १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिज उत्पादनांची सूची छापली होती. ज्यांच्या नावाने आज संग्रहालय ओळखलं जातं ते भाऊ दाजीही डॉक्टरच, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. कुष्ठरोगावर वनस्पतीपासून औषध शोधण्याचे त्यांचे प्रयत्न प्रसिद्ध आहेत.

म्हणजे एकाच बागेकडे दोन डॉक्टर बघताहेत. एकाच्या नजरेत साम्राज्याच्या व्यापाराचा हिशोब आहे, दुसऱ्याच्या नजरेत शहरातला रोगी. 'निसर्ग-निरीक्षण' हा शब्द दोघांनाही लागू पडतो. म्हणून संशोधकाने तो शब्द उघडून पाहायला हवा : कोण बघतंय, काय बघतंय आणि कुणासाठी बघतंय? हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे सगळीकडे लागतील.

झाड हाही दस्तऐवज

इतिहासाचं संशोधन म्हटलं की आपण अर्काइव्हकडे धावतो. ते योग्यच आहे. पण राणीबागेत अर्काइव्ह जमिनीत रुजलेलं आहे. तिथली गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. कैलासपती दक्षिण अमेरिकेतून आलेला. उर्वशी ब्रह्मदेशची, आणि तिचं शास्त्रीय नाव लेडी अ‍ॅमहर्स्ट या गव्हर्नर-जनरलच्या पत्नीच्या नावावरून पडलेलं. बागेत सुमारे तीन हजार झाडं आहेत, प्रजाती २८०हून अधिक. ही यादी नकाशावर मांडली तर एकोणिसाव्या शतकातल्या जहाजांचे मार्ग डोळ्यांसमोर येतात.

डिझाइनच्या शीटवर मात्र हेच झाड हिरवं वर्तुळ होतं. सगळी वर्तुळं सारखी. त्या वर्तुळातून झाडाचं वय, मूळ, फुलण्याचा महिना आणि त्याच्या सावलीत कोण बसतं हे सगळं गळून जातं. तुमच्या संशोधनाची सुरुवात त्या वर्तुळाला पुन्हा नाव देण्यापासून होऊ शकते.

समुदाय : बघणारे की बघितले जाणारे?

आता दुसरा शब्द. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. मुंबईतले निरनिराळे समाज, त्यांचे पोशाख, पागोटी, धंदे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शाळेतली मुलं त्या काचेआडून बघत आली आहेत. इथे 'समुदाय' हा प्रदर्शनाचा विषय आहे, वनस्पतीच्या नमुन्यासारखा चिठ्ठी लावून ठेवलेला.

पण संग्रहालयाच्या दारातून आत येणारी माणसं कोण होती? १८७३च्या सुमारास सोसायटीकडून बाग नगरपालिकेकडे आली. मूळची सुमारे ३३ एकरांची बाग १८९० मध्ये आणखी पंधराएक एकरांनी वाढली आणि तिथे प्राणिसंग्रहालय आलं. तोवर भायखळा, लालबाग, परळ हा पट्टा गिरण्यांचा झाला होता. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन जाण्याजोगी, परवडणारी, मोकळी जागा म्हणजे राणीची बाग. 'राणीचा बाग' म्हणा की 'राणीबाग', गिरणगावाने तिला दिलेलं नाव हे पाटीवरच्या नावापेक्षा जास्त टिकलं. ज्यांना नमुना म्हणून काचेआड ठेवलं, त्यांनीच बागेवर हक्क सांगितला. बागेचा सामाजिक इतिहास लिहायचा तर हा उलटफेर त्याच्या मध्यावर हवा.

हा हक्क कायमचा नसतो, हेही लक्षात ठेवा. जुलै २०१६ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आले, मार्च २०१७ मध्ये त्यांचं वातानुकूलित दालन खुलं झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रौढांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. चार जणांच्या कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवली होती. हे महाग की स्वस्त, यावर वाद होऊ शकतो. पण तुमच्या प्रबंधात 'समुदायासाठी जागा' असं लिहाल तेव्हा प्लॅनइतकंच तिकिटाच्या दराकडेही बघा. दार किती रुंद आहे हे ड्रॉइंगवर कळतं. दार कुणासाठी उघडं आहे हे तिकीट-खिडकीवर कळतं.

विद्यार्थ्यांची ड्रॉइंग्ज इतिहासाचं साधन होतात

तुम्हाला वाटेल, या सगळ्यात विद्यार्थ्यांचं काम कुठे आलं? तर मुंबईत ते फार आधीपासून आहे. १९१७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या माजी विद्यार्थ्यांनी 'आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन' काढली, जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. तीच संस्था वाढत वाढत १९२९ साली 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली. देशातल्या वास्तुविशारदांची संस्था विद्यार्थ्यांच्या मंडळातून उगवली, ही गोष्ट आपण विसरतो.

जे. जे.मध्ये क्लॉड बॅटली यांच्या काळात विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन काढलेली ड्रॉइंग्ज पुढे बॅटलींच्या पुस्तकात छापली गेली. टेप, दोरी आणि ओळंबा घेऊन केलेला तो अभ्यास वर्गातला सराव होता. आज तो साधन म्हणून वाचता येतो. तुमच्या कॉलेजच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या जुन्या शीट्सकडेही या नजरेने बघा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या थिसिसमध्ये आज नसलेली गल्ली, पाडलेली चाळ, बुजवलेली विहीर सापडू शकते. आणि त्या विद्यार्थ्याला तेव्हा 'समुदाय' म्हणजे काय वाटत होतं, हेही सापडतं. तोही इतिहासच.

गेडिस : आधी सर्वेक्षण, मग आराखडा

समुदाय, शिक्षण आणि निसर्ग-निरीक्षण यांची सांगड एका पद्धतीत घालणारा माणूस मुंबईत शिकवून गेला आहे. पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक. एडिनबरोत त्यांनी 'आउटलुक टॉवर' चालवला होता. वर चढून आधी शहर आणि परिसर बघायचा, मग खाली उतरत एकेका मजल्यावर शहर, देश, जग समजून घ्यायचं.

त्यांचा आग्रह साधा होता : आधी सर्वेक्षण, मग आराखडा. वनस्पतीचा अभ्यास करणारा जसा झाड, माती, पाणी, कीटक एकत्र बघतो तसं वस्तीकडे बघायचं. माणसं काय काम करतात, कुठे राहतात, कुठून पाणी आणतात. रोग्याची नाडी न बघता शस्त्रक्रिया नाही. भारतातल्या जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांनी विरोध केला तो याच भूमिकेतून. त्यांच्यासाठी निसर्ग-निरीक्षण हा इमारतीतला कार्यक्रम नव्हता, नियोजनाची पहिली पायरी होती.

हा फरक तुमच्या कामाला थेट लागू आहे. 'निसर्ग-निरीक्षण केंद्र' काढणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः साइटवर किती निरीक्षण केलं? एका दुपारच्या साइट व्हिजिटवर काढलेला साइट अ‍ॅनालिसिस हा अंदाज असतो.

२००७ : यादी कामाला येते

निरीक्षणाचा व्यवहारात काय उपयोग, असं कुणी विचारलं तर पुन्हा राणीबागेत या. २००७ मध्ये महापालिकेने बागेच्या पुनर्विकासाची मोठी योजना आणली. सल्लागार थायलंडचे, खर्च ४३३ कोटी रुपये. आधुनिक प्राणिसंग्रहालय हा तिचा गाभा. रोज बागेत येणाऱ्या, झाडं ओळखणाऱ्या काही नागरिकांना वाटलं की यात वनस्पती उद्यान चेपलं जाईल. त्यांनी माहिती मागवली, झाडांच्या नोंदी केल्या, वारसा समितीपुढे बाजू मांडली. पुढे योजनेला कात्री लागली. २०१२ मध्ये बागेला १५० वर्षं झाली त्या निमित्ताने तिच्या वनस्पतींवर पुस्तकही निघालं.

या वादात 'निसर्ग' दोन्ही बाजूंना होता. एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला झाडं. 'शिक्षण'ही दोन्ही बाजूंना होतं, 'समुदाय'ही. कोणाचं बरोबर हे ठरवायची घाई करू नका. संशोधकासाठी मुद्दा असा की भावनेला वजन आलं ते नोंदींमुळे. कुठलं झाड, कुठे, किती जुनं. सावली मोजलेली असली की सावलीसाठी भांडता येतं.

मग प्रश्न कसा बांधायचा?

आता कामाचं बोलू. 'राणीबागेत समुदायासाठी शैक्षणिक निसर्ग केंद्राचा अभ्यास' हा विषय आहे, प्रश्न नाही. त्याला बारीक करा.

पहिलं, क्रियापद शोधा. 'अभ्यास' सोडा. 'तिकीटदर बदलल्यावर बागेचा वापर कोणत्या वेळांना, कोणत्या वयोगटात बदलला?' असा प्रश्न झाला की साधनं आपोआप दिसू लागतात : महापालिकेचे ठराव, वर्तमानपत्रं, नियमित येणाऱ्यांच्या मुलाखती.

दुसरं, काळाची मेख ठोका. १८६२, १८७३, १८९०, २००७, २०१७. यातल्या कुठल्याही दोन सालांमध्ये उभे राहा. दीडशे वर्षं एका प्रबंधात कोंबू नका.

तिसरं, ड्रॉइंग हे उत्तराचं चित्र न करता विचारण्याचं साधन करा. एकाच कोपऱ्याचा प्लॅन वर्षातून चार वेळा काढा. गोरखचिंच निष्पर्ण असताना आणि पावसाळ्यात भरलेली असताना. बाकावर सकाळी कोण, दुपारी कोण, हे तासागणिक नोंदवा. बारा महिन्यांची अशी पत्रिका तयार झाली की ती कुठल्याही रेंडरिंगपेक्षा जास्त काळ उपयोगी पडेल.

चौथं, बोलायला जा ते झाडूवाले, माळी, तिकीट-खिडकीवरचे कर्मचारी, शाळेची सहल आणणाऱ्या बाई यांच्याकडेही. बागेचं ज्ञान त्यांच्याकडे आहे. त्यांची परवानगी घ्या, आणि त्यांनी सांगितलेलं त्यांच्या शब्दांत टिपून ठेवा.

आणि शेवटचं, अगदी क्षुल्लक वाटणारं : प्रत्येक शीटवर तारीख, वेळ आणि मोजमाप कसं घेतलं ते लिहा. डिझाइनची शीट ज्युरी संपली की जुनी होते. तारीख असलेलं मोजमाप मात्र जसं जुनं होतं तसं मोलाचं होत जातं. उद्या भायखळ्यातल्या एखाद्या झाडाबद्दल किंवा बाकाबद्दल कुणी भांडायला उभं राहिलं, तर त्याच्या हातातला कागद तुमचा असू शकतो.