पारसिकचें ऋण

नवी मुंबईच्या पूर्वेस जी डोंगररांग पसरली आहे, तिला पारसिक म्हणतात. तिच्या उत्तर भागांतील बोगद्यांतून १९१६ सालीं आगगाड्या धांवूं लागल्या. बोगद्यानें डोंगरास केवळ छिद्र पडलें. पुढें शहरानें त्याचा देहच झिजविला.

१९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि खाडीकांठच्या गांवांच्या शेतांवर नवें शहर उभें राहूं लागलें. रस्त्यांस व इमारतींस खडी हवी होती. ती पारसिकच्या काळ्या पाषाणांतून निघाली. ज्यांच्या जमिनी शहरासाठीं गेल्या, त्यांपैकीं कांहींचा उदरनिर्वाहहि याच दगडखाणींवर चालला. म्हणून खाणवाल्यांस दोष देऊन आपण मोकळे होणें न्याय्य नव्हे. आपल्या घरांच्या भिंतींतच तो डोंगर आहे.

२०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांहून लहान खाणींसहि पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविली. परंतु खाण थांबविणें निराळें आणि डोंगर पुन्हा सजीव करणें निराळें. उघड्या कातळावर माती नसते, आणि नुसती आणून टाकलेली माती कोंकणच्या पावसांत टिकत नाहीं.

यावर तोड कशी काढावी, हें विदर्भांत दिसून आलें आहे. नागपूर जिल्ह्यांत गुमगांव येथें मँगनीजची खाण आहे. तेथें उपसलेल्या निकामी दगडमातीच्या ढिगांवर नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधनसंस्थेनें आधीं माती घडविली. साखर कारखान्यांत रस निवळतांना उरणारा गाळ आणि मुळांशीं सहजीवन करणारे सूक्ष्म जीव यांचा तिनें उपयोग केला, आणि साग, शिसू यांसारखीं झाडें तेथें वाढविलीं.

पारसिकचा खडक निराळा असला, तरी आधीं माती व मग झाड हा क्रम येथेंहि चुकत नाहीं. पाणी अडवून माती धरावी. तिच्यावर गवत, धायटी, करवंद, कुडा अशीं येथलींच झुडपें लावावीं. मागाहून उंबर आणि खडकाच्या भेगेंतहि रुजणारी पाईर. मध्य अमेरिकेहून आलेलें गिरिपुष्प लवकर हिरवें दिसतें खरें. पण करवंदाप्रमाणें वा उंबराप्रमाणें पांखरांस फळ देत नाहीं. पांखरें फळें खातात, तेव्हां त्यांच्या विष्ठेंतून पुढचें बीं पडतें. अशा रीतीनें मनुष्याचें काम निसर्ग आपल्या हातीं घेतो.

हें काम एका पावसाळ्याचें नव्हे. वर्षानुवर्षें रोपें जपणारे हात लागतील, आणि ते हात याच गांवांतले असावेत. जमीन गेली, खाणीहि गेल्या. निदान डोंगर राखण्याचें वेतन तरी त्यांस शहरानें द्यावें.